साचा सुटताना

चिरनेर म्हटले की प्रथम आठवतो तो २५ सप्टेंबर १९३०चा जंगल सत्याग्रह. पनवेल-उरण पट्ट्यातल्या या गावाची दुसरी ओळख म्हणजे इथले गणपतीचे कारखाने. गणेशचतुर्थीच्या महिनाभर आधी अशाच एका कारखान्यात मी बसलो होतो. कारागीर रबरी साच्यातून शाडूच्या मूर्ती सोडवत होते. काम सोपे वाटले, म्हणून एक लहान साचा मीही मागून घेतला, मधोमध धरला आणि ओढला. सोंड साच्यातच राहिली!

"कडेने घ्या साहेब, कडेने. आणि सावकाश. रबराला घाई चालत नाही," कारागीर म्हणाले.

मी ओशाळलो. कारण एकमेकांना चिकटलेल्या लवचिक वस्तू सुटतात कशा, याचीच आकडेमोड संगणकावर करण्यात माझी कित्येक वर्षे गेली आहेत.

या गणिताची सुरुवात झाली ती हाइन्रिश हर्ट्‌झपासून. १८८०च्या नाताळच्या सुट्टीत, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने दोन भिंगे एकमेकांवर दाबली तर काच किती दबते याचे सूत्र मांडले. चिकटण्याचा विचार त्यात नव्हता. काचेला तो चालून गेला, रबराला चालेना. १९७१ साली जॉन्सन, केंडॉल आणि रॉबर्ट्स या तिघांनी ती उणीव भरून काढली. गंमत अशी की, त्यांच्या सूत्रानुसार रबरी गोळा ओढून काढायला लागणारा जोर गोळ्याच्या आकारावर आणि पृष्ठभागाच्या चिकटपणावर ठरतो. रबर मऊ की कडक, याचा त्याच्याशी संबंधच नाही! मला तर हे प्रथम खोटेच वाटले होते.

पण गणपती म्हणजे काही गोळा नव्हे. सोंड, कान, मुकुटाची नक्षी यांना सूत्र कुठले? तिथे संगणक लागतो. पृष्ठभागाचे हजारो बारीक चौकोन पाडायचे. गादीवर एक जण बसला की शेजारचाही थोडा कलतो, तसा एका चौकोनावरचा दाब बाकी सगळ्यांना हलवतो. त्यात रेणूंचे आकर्षण, तेही काही नॅनोमीटरच्या अंतरापुरतेच. आकर्षणाने फट बदलते, फटीने आकर्षण बदलते. मग अंदाज करा, तपासा, दुरुस्त करा, पुन्हा अंदाज करा.

खरी पंचाईत होते ती सुटण्याच्या क्षणी. ओढ थोडीथोडी वाढवत नेली की एका टोकाला तोल मोडतो, पृष्ठभाग फटकन विलग होतात आणि गणिताला पुढचे उत्तरच सापडत नाही. माझे गणित तिथे रात्रीमागून रात्री अडून बसे. अखेर उपाय सापडला: जोर वाढवायचा नाही, अंतर वाढवायचे, तिळातिळाने. आणि सर्वांत बारीक चौकोन ठेवायचे ते कडेला, कारण ताण तिथेच एकवटतो. कारागिरांची बोटे नेमके हेच करत होती. मी मात्र मधोमध धरून बसलो!

साच्याला ते आधी शंखजिऱ्याची पूड लावतात. तिचेही उत्तर याच शास्त्रात आहे. फुलर आणि टेबर यांनी १९७५ साली दाखवले की, पृष्ठभागावर मायक्रॉनभर उंचवटे असले तरी रबराची चिकट पकड जवळजवळ नाहीशी होते. पुडीचे कण हेच काम करतात. दोन दगड एकमेकांना चिकटत नाहीत तेही यामुळेच. मग खडबडीत भिंतीवर पाल कशी टिकते? तिच्या बोटांखाली असंख्य सूक्ष्म केस असतात, ते खाचाखळग्यांत शिरून भिंतीला भिडतात.

दुसरा साचा मी कडेने सोडवला. वेळ बराच लागला, पण मूर्ती अखंड निघाली. तोवर कारागिरांनी पहिल्या गणपतीला पाण्याचा हात लावून नवी सोंड बसवलीही होती. कुठली जोडलेली, ते मला ओळखता येईना.