आधार की भागीदार?

वनस्पती तूप तयार करताना निकेलची पूड घातलेल्या गरम तेलात हायड्रोजन वायू सोडतात, हे तुम्ही वाचले असेलच. येथे निकेल हा उत्प्रेरक. तो क्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः खर्ची पडत नाही.

ही क्रिया धातूच्या पृष्ठभागावर घडते. म्हणून धातू जितका बारीक, तितका अधिक उपयोगी. हिशेब करून पाहा. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच १० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या एक लक्षांश बाजूचे घन केले, तर एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर भरतो! मात्र इतके बारीक कण तापले की एकमेकांना चिकटून मोठे होतात. ते दूर दूर राहावेत म्हणून त्यांना अ‍ॅल्युमिना, सिलिका अशा पदार्थांवर बसवतात. या पदार्थाला ‘आधार’ म्हणतात.

पण आधाराचे काम एवढ्यावरच संपते का?

पॉलिथीनसाठी लागणाऱ्या एथिलीन वायूत थोडे अ‍ॅसिटिलीन मिसळलेले असते. ते पुढच्या उत्प्रेरकाला निकामी करते. म्हणून पॅलेडियमच्या साहाय्याने त्याला हायड्रोजन देऊन त्याचेही एथिलीन करतात. क्रिया येथेच थांबायला हवी. ती पुढे गेली, तर एथिलीनचे एथेन होऊन माल वाया जातो. आधाराला अरुंद छिद्रे फार असली, की एथिलीन त्यांत रेंगाळते आणि एथेन वाढते. आधार आम्लधर्मी असला, तर रेणू एकमेकांना जोडले जाऊन उत्प्रेरकावर तेलकट पदार्थ साचतो. म्हणून येथे कमी छिद्रांचा, कमी आम्लतेचा अ‍ॅल्युमिना निवडतात.

१९७८ साली अमेरिकेतील एक्झॉन कंपनीत टॉस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांना याहून नवल दिसले. टायटॅनियम डायऑक्साइडवर बसवलेले प्लॅटिनम हायड्रोजनमध्ये ५०० अंश सेल्सिअसला तापवल्यावर हायड्रोजन जवळजवळ शोषेनासे झाले. पुढे कारण कळले. आधाराच्या ऑक्साइडचा पातळ थर धातूच्या कणांवर चढत होता!

याचाही उपयोग झाला. क्रोटोनाल्डिहाइडच्या रेणूत कार्बन-कार्बन आणि कार्बन-ऑक्सिजन असे दोन दुहेरी बंध असतात. एरवी प्लॅटिनमवर मुख्यतः पहिल्या बंधाला हायड्रोजन मिळतो. पण धातू आणि हा ऑक्साइड यांच्या सीमेवर रेणूतील ऑक्सिजन धरला जातो. मग दुसऱ्या बंधाला हायड्रोजन मिळण्याचे प्रमाण वाढते आणि हवे ते अल्कोहोल अधिक बनते.

धातू तोच, हायड्रोजनही तोच; बदलला फक्त आधार. आता तुम्हीच सांगा, उत्प्रेरकाची पारख करताना ‘धातू कोणता?’ एवढेच विचारून भागेल का?