शैक्षणिक संशोधनातील तथ्यसंकलन : काही विचारणीय मुद्दे

प्रस्तावना

सामाजिक शास्त्रांतील संशोधनात विषयाची निवड आणि तथ्यांचे विश्लेषण यांवर पुष्कळ चर्चा होते. या दोहोंमधील तथ्यसंकलनाचा टप्पा मात्र बहुधा यांत्रिक मानला जातो. प्रश्नावली छापावी, विद्यार्थ्यांकरवी भरून घ्यावी आणि कोष्टके तयार करावीत, असा क्रम सर्रास आढळतो. विश्लेषणातील चूक पुन्हा आकडेमोड करून दुरुस्त करता येते. संकलनात राहिलेला दोष नंतर कोणत्याही सांख्यिकी तंत्राने पूर्णपणे भरून निघत नाही. या दृष्टीने कोणाला विचारावे, केव्हा विचारावे, कसे विचारावे आणि मिळालेली माहिती कशी जपावी, या प्रश्नांचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

नमुना निवड : संख्या आणि प्रातिनिधिकता

नमुना मोठा असला की निष्कर्ष विश्वसनीय ठरतात, हा समज दृढ आहे. अमेरिकेतील 1936 च्या अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' या नियतकालिकाने सुमारे 1 कोटी लोकांना टपालाने मतपत्रिका पाठविल्या आणि त्यांपैकी 20 लाखांहून अधिक परत आल्या. त्यांच्या आधारे लँडन विजयी होतील असे भाकीत करण्यात आले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्ये जिंकली. पत्त्यांसाठी दूरध्वनीधारक व मोटारमालक यांच्या याद्यांचा आधार घेतल्याने मंदीच्या काळातील गरीब मतदार मोठ्या प्रमाणात वगळला गेला होता. शिवाय, उत्तर पाठविणारे आणि न पाठविणारे यांच्या मतांतही फरक होता.

महाविद्यालयाच्या व्हॉट्सअॅप गटावर गूगल फॉर्म पाठवून 'ग्रामीण विद्यार्थ्यांच्या समस्या' अभ्यासणाऱ्या संशोधनात हाच दोष उद्भवतो. ज्याच्याजवळ स्वतःचा फोन नाही, त्याची समस्या कोष्टकात येतच नाही. म्हणून किती जणांनी उत्तरे दिली, याबरोबरच किती जणांकडे प्रश्न पोहोचला आणि किती जणांनी उत्तर दिले नाही, याचीही नोंद अहवालात असावी.

संकलनाचा काळ

ग्रामीण भागातील अनेक सर्वेक्षणे राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात उरकली जातात. बीड जिल्ह्यातील अनेक गावांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी मजुरांची कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. डिसेंबरमध्ये त्यांच्या घरांना कुलूप असते. अशा वेळी सर्वेक्षक शेजारच्या घरातील माहिती भरून ठरलेली संख्या पूर्ण करतो. परिणामी कर्जबाजारीपणाच्या अभ्यासात मुकादमाकडून घेतलेली उचल नोंदवली जात नाही आणि शालेय गळतीच्या अभ्यासात आईवडिलांबरोबर गेलेली मुले मोजली जात नाहीत. गावात जो उरला, तोच गावाचा प्रतिनिधी ठरतो. बंद घरांची स्वतंत्र नोंद करणे आणि हंगाम संपल्यावर दुसरी भेट देणे, हा यावरील साधा उपाय आहे.

प्रश्नाची शब्दयोजना

स्वतःच्या शेतात दिवसभर राबणाऱ्या स्त्रीला 'आपण काय काम करता?' असे विचारल्यास 'काही नाही, घरीच असते' असे उत्तर मिळू शकते. येथे उत्तर देणारी खोटे बोलत नाही. 'काम' या शब्दाचा तिच्या मनातील अर्थ मोबदल्याशी जोडलेला असतो. ही अडचण ओळखून 1991 च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नातच शेतावरील अथवा कौटुंबिक व्यवसायातील विनामोबदला कामाचा स्पष्ट समावेश करण्यात आला. इंग्रजी प्रश्नावलीचे शब्दशः भाषांतर वापरण्यापूर्वी थोड्या उत्तरदात्यांवर तिची पूर्वचाचणी घेणे याच कारणासाठी आवश्यक ठरते.

स्मरण कालावधी आणि दुय्यम सामग्री

उत्तरदात्याला किती दिवसांपूर्वीचे आठवावयास सांगितले, यावरही उत्तर अवलंबून असते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 1999-2000 मधील 55 व्या फेरीत अन्नपदार्थांवरील खर्च मागील 7 दिवसांचा आणि मागील 30 दिवसांचा असा एकाच पत्रकात विचारण्यात आला. एका उत्तराचा दुसऱ्यावर प्रभाव पडला असावा, असा आक्षेप अर्थतज्ज्ञांनी घेतला. अधिकृत अंदाजानुसार 1993-94 मध्ये सुमारे 36 टक्के असलेले दारिद्र्याचे प्रमाण 1999-2000 मध्ये सुमारे 26 टक्क्यांवर आले होते. यांपैकी किती घट प्रत्यक्ष झाली आणि किती विचारण्याच्या पद्धतीमुळे दिसली, यावर दीर्घकाळ वाद झाला. दुय्यम सामग्री वापरणाऱ्या संशोधकाने आकड्यांबरोबर मूळ प्रश्नपत्रकही वाचावे, हा यातून मिळणारा धडा होय. त्याचप्रमाणे सामग्रीचे वर्षही लक्षात घ्यावे. 2021 ची जनगणना नियोजित वेळी होऊ न शकल्याने अनेक अभ्यासांना 2011 च्या आकड्यांवर विसंबावे लागले. अशा वेळी त्या आकड्यांना 'सद्यःस्थिती' म्हणणे उचित नाही.

संमती आणि गोपनीयता

प्राध्यापकाने आपल्याच वर्गात प्रश्नावली वाटली, तर अंतर्गत गुण ज्याच्या हाती आहेत त्याला विद्यार्थी नकार देऊ शकत नाही. अशी संमती नाममात्र असते आणि उत्तरेही प्राध्यापकाला आवडतील अशी येण्याचा संभव असतो. शक्यतो संकलन अन्य व्यक्तीकडे सोपवावे व नाव लिहिण्याची सक्ती नसावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 नुसार 18 वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी या वयोगटात मोडतात. त्यांची माहिती घेताना पालकांच्या संमतीचा विचार अपरिहार्य आहे. छोट्या गावात केवळ नाव वगळणे पुरेसे होत नाही. जात, वय आणि व्यवसाय एकत्र छापल्यास व्यक्ती सहज ओळखता येते.

समारोप

तथ्ये शेतातील पिकाप्रमाणे तयार उभी नसतात. विचारणारा, वेळ, शब्द आणि उत्तर देणाऱ्याची परिस्थिती यांतून ती घडतात. म्हणून प्रत्येक संशोधन अहवालात संकलनाचा कालावधी, नमुन्याची यादी कोठून घेतली, बंद घरे व नकार यांची संख्या आणि मूळ प्रश्नावली यांचा समावेश असावा. संशोधनाच्या मर्यादा उघडपणे मांडल्याने त्याचे मूल्य कमी होत नाही. उलट पुढील अभ्यासकाला त्यावर विश्वास ठेवण्याचे कारण मिळते. गावाचा अहवाल शासकीय योजनेचा आधार ठरतो तेव्हा, कुलूप लावलेल्या घरातील कुटुंब त्यात मोजले गेले की नाही, हा केवळ पद्धतिशास्त्राचा प्रश्न राहत नाही.