बदलापूरचा मेसेज

बचत गटाच्या ग्रुपवर रोज काही ना काही येतं आणि आपण ते पुढे ढकलतो. त्या ढकलण्यात किती बळ असतं, ते २०२४च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला दिसलं.

तिथल्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. तक्रार नोंदवून घ्यायलाच पोलिसांनी बारा तास लावले, असा पालकांचा आरोप होता. मोबाईलवरून हाक गेली. २० ऑगस्टला सकाळी लोक शाळेपुढे जमले, मग रेल्वे स्टेशनात शिरले. अंबरनाथ ते कर्जत लोकल दिवसभर ठप्प. रुळांवर बायाही होत्या. ‘लाडकी बहीण’चे पैसे नकोत, आधी लेकी सुरक्षित ठेवा, असे फलक त्यांच्या हातात होते. सरकारने विशेष तपास पथक नेमलं, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आंदोलक बाहेरचे होते, यात राजकारण आहे, असं तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे म्हणाले. रोज पोरांना शाळेत सोडणाऱ्या आया बाहेरच्या कशा, हे आम्हाला काही उमगलं नाही. शहरात इंटरनेटही बंद करण्यात आलं. ज्या वाटेने बाया जमल्या, ती वाट आधी बंद झाली.

पण त्याच वाटेने दुसरंही काही आलं. मुलीचा मृत्यू झाला, अशी अफवा फिरली. ती पसरवल्यावरून एका तरुणीवर गुन्हा दाखल झाला. शाळेचं नाव तर सर्रास फिरत होतं. लहान मुलांच्या संरक्षणाचा पॉक्सो कायदा सांगतो, की पीडित मुलाचं नाव, फोटो, पत्ता, घरचे, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीच उघड करायचं नाही. त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. राग खरा असला तरी ती मुलगी उद्या त्याच गल्लीत वाढणार आहे.

असा मेसेज आला, की तो ग्रुपवर नको, ठाण्यात न्यायचा. अत्याचार कळूनही पोलिसांना न कळवणं हा पॉक्सोखाली गुन्हा आहे. बदलापुरात शाळेवरही तो लागला. हद्द आपली नाही, असं सांगून ठाण्याला परत पाठवता येत नाही. तक्रारीची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्या. रात्री-अपरात्री १०९८ लावा.