राउटरला वायरी जोडण्याआधी एवढं बघा

जालन्यात मस्तगडच्या जुन्या वस्तीत फायबर बहुतेक खांबावरूनच घरात येतं. वळवाच्या विजा सुरू व्हायच्या आत जोडणी एकदा तपासून घ्या, मंडळी.

कुठल्याही वायरीला हात लावण्याआधी अ‍ॅडॅप्टर सॉकेटमधून काढा. नुसतं राउटरचं बटण बंद करून भागत नाही. अ‍ॅडॅप्टर बदललेला असेल तर त्यावरचे व्होल्ट राउटरच्या तळावरच्या आकड्याशी जुळलेच पाहिजेत, अँपियर मात्र तेवढे किंवा जास्त चालतात. पिनेचं प्लस-मायनसचं चिन्हही बघा. १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर ९ व्होल्टच्या डब्याला लावला तर डबा गेलाच समजा.

आता फायबर. हिरव्या कनेक्टरचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं नसतं. म्हणून हिरवं हिरव्यातच. टोकाला बोट लावू नका आणि त्यात डोकावून तर अजिबात बघू नका: १४९० नॅनोमीटरचा लेझर डोळ्यांना दिसत नाही, तरी इजा करू शकतो. उरलेल्या वायरीचं वेटोळं मोठं ठेवा. खिळ्याला करकचून बांधलेली वायर म्हणजे सिग्नल तुटल्याच्या लाल दिव्याला आमंत्रण!

काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, हे खरं. पण खांबावरच्या केबलला अनेकदा आधाराची लोखंडी तार असते, आणि गच्चीवरच्या कॅमेऱ्यातून येणारी लॅन वायर तर तांब्याचीच. ढग गडगडायला लागायच्या आतच अ‍ॅडॅप्टरबरोबर तीही उपसून ठेवा. वाड्यातल्या जुन्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हे मात्र वायरमनलाच बघू द्या.