छोट्या टाकीसाठी तीन भन्नाट मासे 🐠

टाकी जेमतेम ४०-५० लिटरची आहे? मग गोल्डफिशचा मोह टाळा. तो वीतभर वाढतो आणि पाणी लवकर घाण करतो. त्यापेक्षा यातला एक निवडा:

🔸 एम्बर टेट्रा: ब्राझीलचा, २ सेंमीचा, निखाऱ्यासारखा केशरी. ८-१० एकत्र ठेवा, एकटा बुजतो.

🔸 हनी गौरामी: ईशान्य भारत-बांगलादेशातला, शांत स्वभावाचा. वर येऊन हवा घेतो, घाबरू नका.

🔸 पी पफर: केरळच्या नद्यांतला जणू पोहणारा वाटाणा! गोगलगायी फस्त करतो, पण इतरांच्या शेपट्याही कुरतडतो. त्याला स्वतंत्र टाकीच द्या.

नव्या टाकीत लगेच मासे सोडू नका. आधी टाकी सायकल करा, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू तिच्यात वाढू द्या. त्याला काही आठवडे लागतात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसल्यावरच मासे आणा!