प्रतिपिंडाचा तुकडा

पावसाळा लागला, की यवतमाळ जिल्ह्यातील कळंबसारख्या गावी सर्पदंशाची धास्ती वाढते. दंश झालेल्या माणसास दवाखान्यात जी ‘सापाची लस’ देतात, ती वास्तविक लस नव्हे. ती घोड्याच्या रक्तातील प्रतिपिंडे होत. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे विष घोड्यास थोडथोडे टोचून ती मिळवितात. परंतु अखंड वापरीत नाहीत. प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा असतो. त्याच्या दोन भुजा विषास पकडतात. खालच्या दांड्याची त्या कामी गरज नसते. म्हणून पेप्सिन या पाचक द्रव्याने दांडा तोडून भुजांची जोडी तेवढी ठेवतात. परके प्रथिन जितके कमी, तितका अपाय कमी, हा त्यातील हेतू.

हेच तत्त्व रक्ताच्या कर्करोगावरील एका नव्या उपचारात पुढे गेले आहे. बी-पेशींपासून उद्भवणाऱ्या कर्करोगात रोगट पेशींवर बहुधा ‘सीडी १९’ नावाचे प्रथिन असते. ते ओळखणाऱ्या प्रतिपिंडाच्या भुजेच्या टोकाचे दोन घटक एका दुव्याने जोडले, की अखंड प्रतिपिंडाच्या सुमारे सहाव्या हिश्शाचा तुकडा होतो. रोग्याच्याच रक्तातून टी-पेशी काढून त्यांत या तुकड्याची जनुकीय आज्ञा घालतात. मग पेशी तो स्वतःच घडवून आपल्या पृष्ठभागावर धारण करितात. या ‘कार-टी’ पेशी वाढवून रोग्यास शिरेवाटे परत देतात.

धोका पुढेच आहे. रोगट पेशी मारताना टी-पेशी सायटोकाइन नावाची निरोप्या प्रथिने स्रवतात. त्यांमुळे इतर पेशीही चेतून तशीच प्रथिने ओतू लागतात. ताप चढतो, रक्तदाब उतरतो, प्रसंगी प्राणावर बेतते. त्यावर टोसिलिझुमॅब हे औषध देतात. तेही प्रतिपिंडच होय. शिवाय निरोगी बी-पेशींवरही सीडी १९ असल्याने त्याही मरतात व संसर्गाचे भय वाढते.

अमेरिकेत २०१७ साली प्रथम मान्य झालेल्या अशा उपचारातील तुकडा उंदराच्या प्रतिपिंडाचा होता. शरीर त्यास परका मानून नव्या पेशींवरच उलटण्याचा संभव असतो. आयआयटी मुंबईतील राहुल पुरवार व त्यांचे सहकारी आणि टाटा मेमोरियल सेंटरमधील डॉक्टर यांनी तो मानवी प्रतिपिंडाच्या वळणावर आणून ‘नेक्सकार-१९’ सिद्ध केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यास भारतात मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे त्याचा प्रारंभ झाला. चाचण्यांत ६४ रुग्ण होते. ज्यांच्यावरील परिणाम मोजता आला, त्यांपैकी ७३ टक्क्यांत रोग पूर्णतः वा अंशतः ओसरला.

अमेरिकन उपचाराची आरंभीची किंमत ४,७५,००० डॉलर होती. येथील खर्च सुमारे त्याच्या दहाव्या हिश्शाचा, तरीही लाखांच्या घरातला. सापाची लस सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. कर्करोगावरील हा तुकडा मात्र कळंबच्या शेतकऱ्याच्या आवाक्यात यावयाचा आहे. ते झाले, म्हणजेच हे संशोधन पुरे झाले असे म्हणता येईल.