रोह्याच्या गाडीतला प्रश्न

पेणला दिवा-रोहा मेमू थांबते आणि डबा बराचसा रिकामा होतो. समोरच्या बाकावरचा तरुण मोबाइलमधून मान वर काढत नाही. नवी मुंबईत प्रोग्रामर आहे, घर रोह्यात. जाता-येता टेलिग्रामच्या एका गटात नवशिक्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतो. मी शेजारी सरकतो, तसा तो मोबाइल माझ्याकडे कलता करतो.

प्रश्न एका मुलीचा आहे. "सर प्लीज हेल्प, अर्जंट, कोड नॉट वर्किंग." सोबत लॅपटॉपच्या पडद्याचा तिरका, चकाकणारा फोटो. खाली दोन उत्तरं आलेली आहेत. एक, "गुगल कर." दुसरं, "एवढंही येत नसेल तर ही लाइन सोड." वाचून माझं डोकं तडकतं. मुलगी त्यानंतर गप्प आहे.

तो लिहितो, "फोटोतलं नीट वाचता येत नाहीये. कोड इथेच पेस्ट कर. काय यायला हवं होतं आणि काय येतंय, तेही सांग. मराठीत लिहिलंस तरी चालेल."

कासू मागे पडतं. उत्तर येतं, आणि आता ते नेमकं आहे: "दादा, पायथनमध्ये दोन संख्यांची बेरीज करतेय. २० आणि ३० दिले की ५० यायला हवेत, पण २०३० येतात."

चूक त्याला केव्हाच कळली आहे. पायथनचं 'इनपुट' जे घेतं ते मजकूर म्हणूनच घेतं; मग अधिकचं चिन्ह बेरीज करत नाही, दोन तुकडे शेजारी जोडून टाकतं. एका ओळीत सांगून मोकळं होता आलं असतं. पण तो लिहितो, "आता प्रश्न नीट कळला. 'टाइप' वापरून बघ बरं, पायथन तुझ्या २० ला काय समजतंय?"

नागोठण्यानंतर रेंज जाते. आम्ही बोलत बसतो. प्रश्न हुशारीनं कसा विचारावा, यावर प्रोग्रामर एरिक रेमंड यांनी २००१ मध्ये लिहिलेलं मार्गदर्शन त्याला ठाऊक आहे. आधी स्वतः शोधा, काय करून पाहिलं ते सांगा, हे त्यातलं त्याला पटतं. पण तयारीचं सगळं ओझं विचारणाऱ्यावरच का, असं तो विचारतो. प्रश्न मांडायलाही कुणीतरी शिकवावं लागतंच की! २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळानंही २०१८ मध्ये जाहीर कबुली दिली, की अनेकांना, विशेषतः नवख्यांना आणि स्त्रियांना, तिथलं वातावरण आपलं वाटत नाही. त्याच वर्षी तिथे नवी आचारसंहिता आली आणि नवख्याच्या नावापुढे तशी खूण दिसू लागली. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना तर इंग्रजीचीही धास्ती असते. पहिल्याच प्रश्नाला टोमणा मिळाला, की दुसरा प्रश्न येतच नाही.

रोहा जवळ येतं, मोबाइल वाजतो. "दादा, एसटीआर दाखवतंय, म्हणजे मजकूर! दोन्हींना इंट लावून संख्या केल्या, ५० आले."

"शाब्बास. काय चुकलं होतं ते खाली लिहून ठेव, पुढच्याला उपयोगी पडेल." ती लिहून ठेवते. उतरण्याआधी तो त्या टोमणेवाल्यालाही निरोप पाठवतो, गटात नाही, खासगीत: "वेळ नसेल तर उत्तर देऊ नकोस, पण कुणाला हाकलू नकोस."

असे गट चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. हिणवणारं उत्तर दिसलं की लगेच काढून टाका, आणि चांगल्या प्रश्नाचा एक मराठी नमुना गटात सगळ्यात वर पिन करून ठेवा.